भटकी नस

सध्या व्हॉट्सॲपवर सुप्रभाताच्या फुलांबरोबर एक नवा शब्द फिरतो आहे, 'व्हेगस नर्व्ह'. कुणी सांगतं गुळण्या करा, व्हेगस जागी होते. कुणी म्हणतं भ्रामरी करा, कुणी तोंडावर थंड पाण्याचा हबका मारायला सांगतं. परवा एका मैत्रिणीने तर कानाला चिमट्यासारखं लावायच्या यंत्राची जाहिरात पाठवली. किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली! खाली लिहिलं होतं की या यंत्राने सूज, संधिवात, बीपी, मूत्रपिंडं सगळं ठीक होतं. ज्याने एवढं सगळं ठीक होतं त्याने बहुधा काहीच ठीक होत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. पण या वेळी तो निरोप मी पुसला नाही. त्या भुशात खऱ्या गव्हाचा एक दाणा आहे, आणि त्या दाण्याशी माझी ओळख आधीच झालेली होती.

आधीच सांगते, मी विज्ञानाची नव्हे. बी.ए. केलं ते मराठी माध्यमातून, आणि शाळेत आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. तेव्हा हे एका शिक्षिकेने विचारून, वाचून समजून घेतलेलं आहे. औषधपाण्याचा सल्ला म्हणून कुणी वाचू नये.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर आजारी पडले. लघवीला जळजळ, थोडा ताप. "वहिनी, पाणी कमी पडलं असेल, होईल बरं," म्हणत त्यांनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप चढला, बोलण्यात असंबद्धपणा आला, आणि रात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. बीपी खाली गेलेलं. अतिदक्षता विभाग, नळ्या, पडदे... ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. दुसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली. क्रिएटिनिन १.१ होतं ते चढत चढत ५.६ वर गेलं आणि डायलिसिस सुरू झालं.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन आम्हाला जे सांगितलं ते माझ्या डोक्यात रुतून बसलं. म्हणाले, "रक्तातले जंतू औषधाने आटोक्यात येताहेत. पण शरीरच थांबायला तयार नाही."

शरीर थांबायला तयार नाही, म्हणजे काय? जंतू मारले की आजार संपला, असंच आपण समजतो ना?

माझा एक विद्यार्थी आता दुसऱ्या शहरात अतिदक्षता विभागातच काम करतो. त्याला फोन केला. वर्गात प्रश्न विचारून भंडावून सोडायचा तो मला, आता माझी पाळी होती. तो म्हणाला, "बाई, गावात रात्री चोर शिरला अशी हाकाटी झाली की सगळे काठ्या घेऊन बाहेर पडतात. चोर पळून जातो किंवा सापडतो. पण अंधार आणि घबराट एवढी असते की लोक एकमेकांचीच डोकी फोडत राहतात. सेप्सिस म्हणजे तेच."

पुढे वाचताना कळलं की २०१६ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या केली तीही हेच सांगते. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होतो आणि त्यातून अवयव जिवावर बेतेल इतके निकामी होऊ लागतात, त्याला सेप्सिस म्हणायचं. व्याख्येचा भर जंतूंवर नाही, प्रतिसादावर आहे. हा आजार दुर्मीळही नाही. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात गेले, असा अंदाज २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक! आणि आपल्याकडे याला धड नावही नाही. "इन्फेक्शन अंगभर पसरलं" एवढंच आपण म्हणतो.

या प्रतिसादाचं मूळ रूप म्हणजे दाह. रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात त्याची चार लक्षणं लिहून ठेवली आहेत: लाली, सूज, उष्णता, वेदना. बोटात काटा मोडला की हे चारही पाहुणे येतात, आणि ते यायलाच हवेत. त्यांच्याशिवाय जखम भरत नाही. प्रश्न येतो तो हे पाहुणे बोट सोडून सगळ्या घरभर पसरतात तेव्हा.

आता त्या नसेकडे वळते. 'व्हेगस' हा लॅटिन शब्द, अर्थ भटका. मेंदूच्या देठापासून निघून ही नस गळ्यातून उतरते, हृदयाला भेटते, फुफ्फुसांना भेटते, जठर-आतड्यांपर्यंत भटकत जाते. उजवी एक, डावी एक. हृदयाचा वेग कमी करणं हे तिचं जुनं, सर्वमान्य काम. नाडीवर बोट ठेवून सावकाश दीर्घ श्वास घ्या आणि सोडा. घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. तरुणांमध्ये हे जास्त स्पष्ट कळतं; माझ्या नातवाच्या मनगटावर मला लगेच कळलं, माझ्या स्वतःच्या मनगटावर फारसं नाही! तो मंदावण्याचा हुकूम व्हेगसमधून येतो.

नस हा हुकूम पोचवते कसा, याची गोष्ट मला फार आवडते. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात ऑटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. त्यांना रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला, आणि सकाळी त्यांना आपलंच अक्षर वाचता येईना! (परीक्षेच्या पेपरांमध्ये असली अक्षरं मी पुष्कळ पाहिली आहेत.) सुदैवाने दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी ते झोपले नाहीत, उठून थेट प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची धडधडणारी हृदयं मिठाच्या द्रावात ठेवली. एकाच्या व्हेगसला विजेचा हलका झटका दिला, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचा द्राव घेऊन दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही मंदावलं. दुसऱ्याला कुणी झटका दिलेलाच नव्हता. म्हणजे नसेच्या टोकाशी काहीतरी रसायन पाझरत होतं. हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. लोवींना १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं, आणि दोनच वर्षांनी नाझींनी त्यांना अटक केली. ते ज्यू होते. नोबेलचे पैसे नाझींच्या हवाली केल्यावरच त्यांना देश सोडता आला. इतिहास शिकवणाऱ्या बाईला ही ओळ ओलांडून पुढे जाता येत नाही, म्हणून लिहिली. असो.

पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं कुणालाही असं वाटलं नाही की ही नस दाहाशीही बोलत असेल. प्रतिकारशक्ती हा रक्तातल्या पेशींचा कारभार, मेंदूचा त्याच्याशी थेट संबंध नाही, अशीच वाटणी होती.

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात केविन ट्रेसी नावाचा तरुण डॉक्टर मेंदूच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेत होता. त्याच्याकडे अकरा महिन्यांची एक मुलगी आली, उकळत्या पाण्याने भाजलेली. काही आठवडे झुंज देऊन ती बरी होऊ लागली होती, आणि अचानक सेप्टिक शॉकने गेली. त्याने पुढे त्या मुलीवर पुस्तकच लिहिलं. तिला नेमकं कशाने मारलं, हा प्रश्न त्याने सोडला नाही. १९८६ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की टीएनएफ नावाचं, शरीरातच बनणारं एक प्रथिन उंदरांना टोचलं तर एकही जंतू नसताना हुबेहूब तसाच शॉक येतो. म्हणजे मारणारा घरातलाच! पुढच्या वर्षी बबून माकडांवर प्रयोग झाला. टीएनएफला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं आधी देऊन मग जंतू सोडले. प्रतिपिंडं दोन तास आधी दिली तेव्हा माकडं पूर्ण वाचली. एकच तास आधी दिली तेव्हा शॉक टळला, पण अवयव निकामी झालेच. हा एका तासाचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ट्रेसी उंदराच्या मेंदूत एक दाहशामक औषध अगदी थेंबभर टोचत होते. हेतू मेंदूतला दाह कमी करण्याचा होता. पण टीएनएफ साऱ्या शरीरातच कमी झालं. एवढंसं औषध रक्तात पसरून हे करणं शक्य नव्हतं. मग निरोप गेला कुठून? त्यांनी व्हेगस कापली, आणि परिणाम नाहीसा झाला. पुढे उलट प्रयोग केला: उंदरांना जंतूंचं विष दिलं आणि व्हेगसला विजेने चेतवलं. टीएनएफ खाली आलं, शॉक टळला. हा निबंध २००० साली 'नेचर'मध्ये आला. २००३ मध्ये कळलं की दाह पेटवणाऱ्या पेशींवर ॲसिटिलकोलिनसाठी 'अल्फा-७' नावाचं एक कुलूप असतं. ते नसलेल्या उंदरांत नस कितीही चेतवा, उपयोग शून्य. लोवींच्या बेडकातलं तेच रसायन, इतक्या वर्षांनी नव्या घरी सापडलं.

निरोपाचा रस्ता सरळ नाही, आणि मला सगळ्यात गंमत वाटली ती इथे. तो जातो पानथरीतून. पानथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखालचा अवयव. माझी आजी हिवतापाच्या पोरांचं पोट चाचपून "पानथरी वाढलीय" म्हणायची. त्या शब्दाला आता कुणी विचारत नाही. तर पानथरीकडे जाणारी नस तिथल्या टी-पेशींना उठवते, त्या पेशी स्वतःच ॲसिटिलकोलिन बनवतात आणि शेजारच्या दाहक पेशींच्या कुलपात किल्ली फिरवतात. नसेचं काम रक्तातल्या पेशीने करायचं! हे २०११ मध्ये सिद्ध झालं. शांत झालेल्या पेशी मग रक्तातून सगळीकडे जातात.

यावर एकमत आहे असं मात्र नाही. मेलबर्नचे रॉबिन मॅकॅलन आणि त्यांचे सहकारी म्हणतात की शरीर आपणहून दाह आवरतं तेव्हा निरोप व्हेगसमधून खाली येतच नाही, पोटाकडे जाणाऱ्या दुसऱ्या नसांतून येतो. यंत्राने व्हेगस चेतवल्यावर जे घडतं ते वेगळं. त्यांचे प्रयोगही भक्कम आहेत. व्हॉट्सॲपवर हे वाद येत नाहीत, तिथे सगळं ठरलेलं असतं.

आता मूत्रपिंडं. दिरांचं आजारपण चालू असताना मला वाटायचं की बीपी पडलं, रक्त पोचलं नाही, म्हणून मूत्रपिंडं थांबली. ते काही अंशी खरंही असतं. दोन्ही मिळून वजन पाव-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांना लागतो. दिवसाला १८० लिटर द्राव गाळायचा आणि त्यातला दीड-दोन लिटर वगळता सगळा परत रक्तात घ्यायचा, असा त्यांचा संसार. पण ऑस्ट्रेलियात रिनाल्डो बेलोमो यांच्या गटाने मेंढ्यांवर एक प्रयोग केला. मेंढ्यांच्या रक्तात जंतू सोडले तर मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त उलट वाढलं, आणि तरीही लघवी घटली, क्रिएटिनिन चढलं. नळाला पाणी आहे, पण घरात भांडण पेटलं आहे, असं काहीसं. सूक्ष्म केशवाहिन्यांतला दाह, आणि आलेलं विष गाळता गाळता होरपळलेल्या नलिकांच्या पेशी. विद्यार्थी म्हणाला, "बाई, त्या पेशी पुष्कळदा मरत नाहीत, दुकान बंद करून बसतात. म्हणून तर परत सुरू होण्याची आशा असते." त्या दिवशी ते वाक्य मला औषधासारखं वाटलं. मी ते जावेला फोन करून शब्दशः सांगितलं.

मग ती नस मूत्रपिंडांना वाचवू शकते का? अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात मार्क ओकुसा यांच्या प्रयोगशाळेने हाच प्रश्न घेतला. त्यांनी उंदरांच्या मूत्रपिंडांचं रक्त काही मिनिटं अडवून ती दुखावली. ज्या उंदरांची व्हेगस २४ तास आधी चेतवलेली होती त्यांची मूत्रपिंडं खूपच कमी दुखावली. पानथरी काढून टाकलेल्या उंदरांना हा फायदा मिळाला नाही, अल्फा-७ कुलूप नसलेल्यांनाही नाही. आणि नस चेतवलेल्या उंदराच्या पानथरीतल्या पेशी काढून दुसऱ्या उंदराला दिल्या, तर त्या दुसऱ्याची मूत्रपिंडंही वाचली! हे २०१६ मधलं. लोवींनी एका हृदयाचा द्राव दुसऱ्यावर ओतला होता, त्याचीच मला आठवण झाली. त्याआधी २०१३ मध्ये याच गटाने साध्या सोनोग्राफीच्या लहरी एक दिवस आधी देऊनही असंच संरक्षण मिळतं असं दाखवलं होतं. सेप्सिसच्या बाबतीतही, अल्फा-७ कुलपात बसणारं निकोटिन दिल्यावर उंदीर जास्त जगले, असं ट्रेसींच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं आहे. (म्हणून कुणी तपकिरीची डबी बाहेर काढू नये. फुफ्फुसं आणि हृदय त्याचा हिशेब वेगळा ठेवतात.)

आणि माणसांचं काय? फिट्ससाठी गळ्यातल्या व्हेगसला तार जोडणारं यंत्र अमेरिकेत १९९७ पासून मान्यताप्राप्त आहे. संधिवातासाठी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडसाठी, असंच एक छोटं यंत्र जुलै २०२५ मध्ये तिथल्या एफडीएने मंजूर केलं. ते दिवसातून मिनिटभरच चालतं. हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांत ट्रेसी स्वतः आहेत, हेही वाचकाने जाणून असावं. पण सेप्सिसमध्ये मूत्रपिंडं वाचवण्यासाठी अजून कुठलंही यंत्र मंजूर नाही. कानाला चिमटा लावून तर नाहीच नाही. मैत्रिणीला मी तसं कळवलं. ती रागावली. "पण प्राणायाम तर चांगलाच ना?" म्हणाली. चांगलाच आहे, मी रोज करते. त्याने मन निवतं, झोप लागते. पण श्वास सोडताना नाडी मंदावते इथपासून मूत्रपिंडं वाचतात इथपर्यंतचा पूल कुणी बांधलेला नाही, आणि ताप चढलेला माणूस प्राणायाम करत घरी बसला तर मला भीती वाटते.

शेवटी विद्यार्थ्याला मी सरळ विचारलं, "अरे, उंदरांत एवढं जमतं, मग अडलंय कुठे?"

"वेळेवर, बाई," तो म्हणाला. "उंदराला विष कधी द्यायचं ते आम्ही ठरवतो, म्हणून उपाय आदल्या दिवशी करता येतो. पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा वणवा लागून गेलेला असतो." बबून माकडांचा तो एक तास मला आठवला. टीएनएफ रोखणारी औषधं नव्वदच्या दशकात सेप्सिसच्या रुग्णांवर वापरून पाहिली तेव्हा फारसं हाती लागलं नाही. तीच औषधं पुढे संधिवातात वरदान ठरली. शिवाय सेप्सिसमध्ये भडक्यानंतर, कधी भडक्याच्या बरोबरीनेच, प्रतिकारशक्ती गळून पडते. त्या वेळी तिला आणखी शांत केलं तर दुसरे जंतू घुसायचे. कुणाचा भडका चालू आहे आणि कुणाचा विझला आहे, हे खाटेशी उभं राहून पटकन सांगणारी खात्रीची चाचणी नाही. म्हणून काहींचं लक्ष सध्या हृदयशस्त्रक्रिया किंवा मूत्रपिंडरोपण अशा ठिकाणी आहे. तिथे मूत्रपिंडांना इजा कधी होणार याची तारीख आधी माहीत असते.

"आणि ज्याची तारीख माहीत नसते, त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी लवकर अँटिबायोटिक, सलाईन, बीपी धरून ठेवणं, आणि लघवी तासातासाला मोजणं."

ते मोजणं मी पाहिलेलं होतं. भेटीच्या वेळी आत सोडलं की मी दिरांच्या चेहऱ्याऐवजी आधी पायथ्याच्या तक्त्याकडे बघायची. सिस्टर निळ्या शाईने आकडे लिहायच्या: ५, ५, ०, १०. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी तिथे ३० लिहिलेलं होतं, आणि त्याखाली ४५.